खानदेशाएवढ्या देशाचे नौदल

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता आणि कापसाच्या लागवडीची घाई सुरू होती. अशा दिवसांत सहसा कोणी शेत सोडून येत नाही, पण गेल्या रविवारी एका विद्यार्थ्याचे वडील मोटारसायकलवरून अमळनेरला माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा बारावीनंतरच्या बी. टेक. प्रवेशातून नौदलासाठी निवडला गेला आहे. भोपाळची एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची मुलाखत, झाली, वैद्यकीय तपासणी झाली, गुणवत्ता यादीत नाव आले, आणि आता जुलैच्या तुकडीबरोबर तो केरळातल्या एझिमला येथील अकादमीत दाखल होणार आहे. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून ते बसले, पाणी प्याले आणि थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “सर, पोरगा लागला, हे चांगलं झालं. पण तो तिथं टिकेल का? आणि टिकला तर आमचा राहील का?”

रविवारी सकाळी मी ओसरीवर मुलांची एसएसबीची तयारी करून घेतो, त्याला आता सहा वर्षे होत आली. या सहा वर्षांत पालकांनी मला विचारलेले बहुतेक प्रश्न आत कसे शिरायचे याविषयीचे होते. उंची किती लागते, चष्मा चालतो का, इंग्रजी कच्चे असले तर काय करायचे, ही नोकरी अग्निवीरासारखी चार वर्षांची तर नाही ना, असे ते प्रश्न असतात. (ती तशी नसते, अग्निपथ योजना २०२२ साली आली ती सैनिक, नौसैनिक आणि वायुसैनिक यांच्या भरतीसाठी, अधिकाऱ्यांसाठी नाही.) टिकण्याचा प्रश्न विचारणारे हे पहिलेच वडील. त्यांना मी त्या दिवशी जे उत्तर दिले ते अपुरे होते, असे रात्री वाटत राहिले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मी २००९ साली शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या मुदतीचा अधिकारी म्हणून, नौदलाच्या कार्यकारी शाखेत दाखल झालो. एझिमलाच्या अकादमीचे उद्घाटन त्याच वर्षी जानेवारीत झाले होते. दहा वर्षांनी मुदतवाढीचा पर्याय समोर आला तेव्हा मी नकार दिला आणि लेफ्टनंट कमांडर म्हणून बाहेर पडलो. म्हणजे अधिकारी मिळवणे आणि टिकवणे या विषयातला मी तो आकडा आहे, जो मिळाला पण टिकला नाही. बाहेर पडल्यावर या विषयाचा नाद लागला आणि छोट्या देशांची नौदले माणसे कशी मिळवतात, कशी गमावतात, यावर जे वाचायला मिळेल ते वाचत गेलो. मोठ्या नौदलात एक अधिकारी गेला तर त्याची जागा कुठून तरी भरली जाते आणि दुखणे झाकले जाते. छोट्या नौदलात तेच दुखणे उघड्यावर दिसते.

छोटे म्हणजे किती छोटे, हे आपल्या मापाने सांगतो. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४२ लाख, धुळ्याची साडेवीस लाख आणि नंदुरबारची साडेसोळा लाख; तिन्ही मिळून ७९ लाख. आयर्लंड या संपूर्ण देशाची लोकसंख्या २०२२ साली ५१ लाखांच्या आसपास होती आणि न्यूझीलंडची साधारण तेवढीच आहे. म्हणजे आपला खानदेश माणसांच्या संख्येने या दोन्ही देशांच्या दीडपट आहे. आता कल्पना करावी की उद्या आपल्या तीन जिल्ह्यांना स्वतःचे नौदल उभे करायला सांगितले. त्यासाठी लागणारे कप्तान, नौकानयन अधिकारी, इंजिनिअर आणि तोफखान्याचे जाणकार आपल्याच चोपडा, शिरपूर, शहादा, पाचोरा, चाळीसगाव इथल्या घरांतून काढायचे. शिवाय त्याच घरांतून डॉक्टर, शिक्षक, तलाठी, रेल्वेचे चालक आणि व्यापारीही काढायचे आहेत. राखायचा समुद्र मात्र माणसांच्या प्रमाणात लहान नसतो. आयर्लंडच्या वाट्याला चार लाख चौरस किलोमीटरहून अधिक सागरी क्षेत्र येते, म्हणजे सबंध महाराष्ट्राच्या भूभागाहून मोठे. न्यूझीलंडचे तर चाळीस लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे, भारताच्या भूमीहूनही विस्तीर्ण.

आयर्लंडची गोष्ट मला फार शिकवून गेली. त्यांचे नौदल १९४६ साली स्थापन झाले आणि त्याचा तळ कॉर्क बंदरातल्या हॉलबोलाइन या लहानशा बेटावर आहे. मंजूर मनुष्यबळ १,०९४. गेल्या काही वर्षांत प्रत्यक्षातला आकडा ८०० च्याही खाली घसरला. त्यांच्या सर्वांत नव्या चार गस्ती जहाजांना त्यांनी आपल्या साहित्यिकांची नावे दिली आहेत: सॅम्युएल बेकेट, जेम्स जॉइस, विल्यम बटलर येट्स आणि जॉर्ज बर्नार्ड शॉ. युद्धनौकेला लेखकाचे नाव देणारा देश आपल्या नौदलाकडे प्रेमाने पाहत असणार, असे मला मनापासून वाटते. पण प्रेम असले म्हणून माणसे टिकतातच असे नाही. २०१९ साली माणसांअभावी दोन जहाजे धक्क्याला बांधून ठेवावी लागली. त्यांतले एक होते त्यांचे ध्वजनौकेचा मान असलेले ‘एथ्ना’, ज्याने २०१५ साली भूमध्य समुद्रात जाऊन हजारो स्थलांतरितांना बुडण्यापासून वाचवले होते. २०२२ च्या जुलैत ‘एथ्ना’ आणि तिच्यासोबत ‘ओर्ला’ आणि ‘कीरा’ ही जहाजे कायमची सेवेतून काढली गेली. ती जुनी झाली होती हे खरे, परंतु त्यांच्या जागी नवी जहाजे आली असती तरी ती चालवायला माणसे कुठे होती? २०२३ च्या सुरुवातीला आणखी दोन जहाजे राखीव म्हणून बाजूला ठेवावी लागली.

याच काळात आयर्लंडने न्यूझीलंडकडून दोन लहान गस्ती जहाजे विकत घेतली. व्यवहार २ कोटी ६० लाख युरोचा होता, आणि ही जहाजे घेण्याचे एक कारण असे सांगितले गेले की त्यांना कमी खलाशी आणि कमी अधिकारी लागतात. जहाजे जगाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला आणली गेली, २०२४ च्या सप्टेंबरात ती आयरिश नौदलात रीतसर दाखलही झाली. घरात खाणारी तोंडे किती उरली ते पाहून भाकरीचे पीठ मळावे, तसे हे. माणसांवरून जहाज निवडण्याची पाळी आली.

आणि हे नौदल निरुपयोगी आहे म्हणून लोक सोडून जातात, असेही नाही. २०२३ च्या सप्टेंबरात आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ‘मॅथ्यू’ नावाच्या मालवाहू जहाजावर सव्वादोन टन कोकेन पकडले गेले. त्या देशाच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी जप्ती. त्या जहाजाचा पाठलाग करून इशाऱ्याच्या गोळ्या झाडणारे जहाज होते ‘विल्यम बटलर येट्स’. काम आहे, मान आहे, देशाला गरज आहे, आणि तरीही माणसे निघून जातात.

हे असे का होते, ते समजण्यासाठी एक साधा हिशोब मांडतो. मी मुलांनाही तो फळ्यावर करून दाखवतो. समजा, एका छोट्या नौदलाने यंदा वीस कॅडेट घेतले आणि दरवर्षी त्यांतले दहा टक्के सोडून जातात. दहा टक्के ऐकायला फार वाटत नाही. दहा वर्षांनी वीसपैकी सात उरतात. हेच प्रमाण दहाऐवजी पंधरा टक्के झाले, तर चार उरतात. आता त्या चौघांतला एक आजारी पडणार, एक परदेशी अभ्यासक्रमाला जाणार, एक मुख्यालयात बसणार, आणि जहाजावर दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी म्हणून पाठवायला एकच माणूस हाताशी राहणार. यंदा वीसऐवजी चाळीस कॅडेट घेतल्याने ही पोकळी भरत नाही, कारण दहा वर्षांचा अनुभव असलेला अधिकारी तयार व्हायला दहाच वर्षे लागतात. कारखानदार दुसऱ्या कंपनीतून व्यवस्थापक आणू शकतो. युद्धनौकेचा अनुभवी अधिकारी दुसऱ्या देशाच्या नौदलातच सापडेल, आणि तिथेही त्याची टंचाईच आहे.

भारताचे नौदल छोटे नाही, पण टंचाईपासून तेही सुटलेले नाही. २०२३ साली सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार नौदलात १,६५३ अधिकाऱ्यांच्या जागा रिकाम्या होत्या. आपल्याकडे एसएसबीला बसणारी मुले हजारोंनी असतात, तरीही ही स्थिती आहे.

अनुभव म्हणजे नेमके काय, हे दाखवण्यासाठी एक रात्र सांगतो. सौराष्ट्राच्या किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर, मध्यरात्री बारा ते पहाटे चार या पाळीला मी ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या कक्षात, होतो. या पाळीला आम्ही ‘मिडल वॉच’ म्हणतो. ब्रिजवर अंधार असतो, कारण उजेडात बाहेरचे दिसत नाही. फक्त उपकरणांचे मंद लाल दिवे असतात. समोर मासेमारीच्या बोटींचे दिवे विखुरलेले होते, चाळीस तरी असतील. माझ्यासोबत एक सबलेफ्टनंट होता, हुशार, अकादमीत वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेला, वॉचकीपिंगचे टिकट, म्हणजे एकट्याने पाळी सांभाळण्याचा परवाना, मिळवण्यासाठी धडपडणारा. तो एका दिव्याकडे बोट दाखवून म्हणाला की ती बोट आपल्या उजवीकडून निघून जाईल. मी त्याला कंपासवर तिची दिशा पाहायला सांगितली. तीन मिनिटांनी पुन्हा पाहायला सांगितली. दिशा तीच होती, अंतर मात्र कमी झाले होते. दिशा बदलत नाही आणि अंतर घटत जाते, याचा अर्थ टक्कर. हे त्याने पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पण चाळीस दिव्यांच्या गर्दीत ते नेमक्या एका दिव्याला लावणे त्याला अजून येत नव्हते. आम्ही वळण घेतले, बोट मागे गेली, दोन वाजता गॅलीतून, जहाजाच्या स्वयंपाकघरातून, चहा आला. खाली कप्तान झोपला होता आणि त्याच्यासोबत दोनशेहून अधिक माणसे झोपली होती. ती सगळी झोप ब्रिजवरच्या त्या वेळच्या एका अधिकाऱ्याच्या भरवशावर असते. पुढे दीड वर्षाने तोच सबलेफ्टनंट माझ्याहून सफाईने वॉच करू लागला. असा माणूस घडवण्यात किती रात्री जातात, त्याची मोजदाद कोणत्याही अंदाजपत्रकात नसते.

नौदलात एक शब्द रोज कानावर पडतो: ‘रिलीफ’. तुमची वॉच संपली की रिलीफ येतो. जहाजावरची मुदत संपून किनाऱ्यावर बदली झाली की तुमच्या जागी रिलीफ येतो. तो येईपर्यंत तुम्ही हलू शकत नाही. माझी किनाऱ्यावरची बदली ठरली तेव्हा घरी मुलीच्या शाळेचा प्रवेश, पत्नीच्या नोकरीची जागा, वडिलांची शस्त्रक्रिया, सगळे त्या तारखेला जुळवून ठेवले होते. रिलीफ मिळाला नाही म्हणून तारीख तीन महिने पुढे गेली. मग आणखी दोन महिने. मग तो येणारा अधिकारी सेवा सोडतो आहे असे कळले आणि पुन्हा पहिल्यापासून. मला कोणी वाईट वागवले नाही, कोणी खोटे बोलले नाही; माझ्या वरिष्ठांकडेही द्यायला माणूस नव्हता. त्या आठ महिन्यांत वडिलांची शस्त्रक्रिया माझ्या गैरहजेरीत झाली. मी कारवाईला असतो, देशावर प्रसंग असता, तर आई आणि वडील दोघांनीही ते आनंदाने सोसले असते. पण मी गैरहजर होतो ते एका रिकाम्या खुर्चीमुळे, आणि ते सोसणे अवघड जाते.

बैलजोडीतला एक बैल बसला की जूचा सगळा भार दुसऱ्याच्या मानेवर येतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तो दुसराही मग लवकर बसतो. रिकाम्या जागांचे असेच आहे. एक अधिकारी जातो, त्याचे काम उरलेल्यांवर पडते, त्यांच्या सुट्ट्या रद्द होतात, सागरी मुदती लांबतात, आणि ज्याने सोडण्याचा विचारही केलेला नसतो तो राजीनामा देतो. छोट्या नौदलात हे चक्र फार वेगाने फिरते, कारण भार वाटून घ्यायला माणसेच मोजकी असतात.

न्यूझीलंडमध्ये हे करोनाच्या काळात घडले. परदेशांतून परतणाऱ्या प्रवाशांना हॉटेलांत विलगीकरणात ठेवले जाई आणि त्या हॉटेलांच्या पहाऱ्याला तिन्ही दलांच्या जवानांना आणि अधिकाऱ्यांना लावले होते. समुद्रावर जाण्यासाठी ज्यांनी उमेदीची वर्षे प्रशिक्षणात घालवली, ते महिनोन्महिने हॉटेलच्या दारात आणि कॉरिडॉरमध्ये उभे राहिले. काम आवश्यक होते, त्यांनी ते निष्ठेने केले, आणि नंतर त्यांच्यातले बरेच जण निघून गेले. २०२२ च्या अखेरीस नऊपैकी तीन जहाजे ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट तळावर उभी होती, कारण ती चालवायला माणसे पुरत नव्हती. जहाज उभे राहिले की आणखी एक नुकसान होते, ज्याकडे बाहेरच्यांचे लक्ष जात नाही: नव्या अधिकाऱ्यांना समुद्रावर शिकायला जागाच उरत नाही. टिकट मिळायला उशीर होतो, टिकट नाही म्हणून बढती नाही, आणि आलेली नवी मुलेही कंटाळतात.

२०२४ च्या ऑक्टोबरात न्यूझीलंडचे ‘मानावानुई’ हे सर्वेक्षण जहाज सामोआच्या किनाऱ्याजवळ प्रवाळखडकावर चढले आणि दुसऱ्या दिवशी बुडाले. जहाजावरचे ७५ जण वाचले, ही त्यांच्या शिस्तीची आणि नशिबाची गोष्ट. चौकशीत असे आढळले की जहाज ऑटोपायलटवर होते हे वेळेवर लक्षातच आले नाही. सुकाणू ऐकत नाही, यंत्रणाच बिघडली, असे ब्रिजवरच्या लोकांना वाटत राहिले. प्रशिक्षण आणि अनुभव यांतल्या उणिवांकडेही चौकशीने बोट दाखवले. त्या ब्रिजवर उभ्या असलेल्या माणसांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. पण अनुभव पातळ होत गेला की काय होऊ शकते, याचा विचार ते वाचताना मला सोडत नव्हता.

त्यात शेजारी मोठा असला की आणखी अडचण. ऑस्ट्रेलियालाही माणसे कमी पडत आहेत, म्हणून त्यांनी २०२४ च्या जुलैपासून तिथे कायम वास्तव्य असलेल्या न्यूझीलंडच्या नागरिकांना आपल्या सैन्यदलांत प्रवेश खुला केला. भाषा तीच, पगार जास्त, जहाजे जास्त, बढतीच्या जागा जास्त. छोट्या देशाने वाढवलेले झाड मोठ्या देशाच्या अंगणात फळ देऊ लागले, तर तक्रार कोणाकडे करायची?

पैशाविषयी सरळ बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे देशसेवेचा विषय निघाला की पगाराचे नाव काढणे कमीपणाचे समजतात. आयर्लंडने समुद्रावर जाणाऱ्यांना प्राप्तिकरात सवलत दिली, आणि दोन वर्षे सागरी सेवा करण्याची लेखी हमी देणाऱ्याला हप्त्याहप्त्याने १०,००० युरो देण्याची योजना आणली. काहींना याचा उपयोग झालाच असणार. आपल्याकडे अजय विक्रम सिंह समितीच्या शिफारशी २००४ च्या डिसेंबरात लागू झाल्या आणि ठरावीक वर्षे झाली की ठरावीक हुद्दा मिळू लागला: दोन वर्षांनी लेफ्टनंट, सहा वर्षांनी लेफ्टनंट कमांडर, तेरा वर्षांनी कमांडर. माझ्या आधीच्या पिढीतले अधिकारी सांगतात की तोवर बढतीची वाट पाहण्यातच उमेद संपून जात असे. हे सगळे हवेच. पण व्यापारी जहाजांवरच्या पगाराशी कोणतेही सरकार पैशाने बरोबरी करू शकणार नाही. कॉर्कजवळच्या रिंगास्किडीला आयर्लंडचे राष्ट्रीय सागरी महाविद्यालय आहे, २००४ साली सुरू झालेले. तिथे नौदलाचे आणि व्यापारी जहाजांचे विद्यार्थी एकाच इमारतीत शिकतात. छोट्या देशाला दोन वेगळ्या संस्था परवडत नाहीत, त्यामुळे हा शहाणपणाचाच निर्णय होता. पण वर्गात शेजारी बसलेला मित्र पाच वर्षांनी किती कमावतो, हे नौदलातल्या मुलाला कळतच राहते. तरीही जे राहतात ते का राहतात, हे विचारायला हवे.

माझ्या ओळखीतले जे राहिले त्यांना मी विचारले आहे. पगाराचे उत्तर फार कमी जणांनी दिले. कोणी म्हणाले, “माझ्या कप्तानाने मला चुका करू दिल्या.” कोणी म्हणाले, “माझी मुलगी दहावीला होती तेव्हा मला एका जागी ठेवले.” एकाचे उत्तर मनात रुतून बसले आहे: “सहा महिने जायचे असेल तर सहा महिने जाईन. पण सहा म्हणजे सहा असले पाहिजेत.” घरच्या माणसाला वियोगापेक्षा अनिश्चितता जास्त जाचते. माझ्या मते छोट्या नौदलाने जहाजांची संख्या एकाने कमी करावी, पण किनाऱ्यावर परत येण्याची तारीख पाळावी. चार जहाजांवर पूर्ण माणसे असणे सहा जहाजांवर अर्धी असण्यापेक्षा बरे. कागदावरच्या ताकदीचा मोह सोडणे अवघड असते, मुत्सद्द्यांना तर फारच अवघड. आयर्लंडने उशिरा आणि नाइलाजाने ते केले.

दुसरे, सोडून गेलेल्याला परत येण्याचे दार हवे. मी चौतिसाव्या वर्षी बाहेर पडलो. वडिलांची तब्येत सावरली, मुलगी शाळेत रुळली, आणि छत्तिसाव्या वर्षी, खरे सांगतो, परत जावेसे वाटले होते. त्या वयाला माझे सगळे प्रशिक्षण ताजे होते. पण सोडले म्हणजे सोडले, अशीच रीत. आयर्लंडने आपल्या माजी अधिकाऱ्यांना परत घेण्याची सोय केली आहे. संख्या लहान असेल, पण परतणारा प्रत्येक जण म्हणजे वाचलेली दहा वर्षे.

तिसरे म्हणजे निम्म्या लोकसंख्येचा विचार. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२० रोजी नौदलातल्या महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतच्या सेवेचा, हक्क मान्य केला. माझ्या रविवारच्या वर्गात आता चार मुली आहेत. त्यांतली एक पारोळ्याहून एसटीने येते आणि गटचर्चेत सगळ्यांना मागे टाकते. माणसे कमी पडत असताना अशा मुलींना कित्येक वर्षे दारातच थांबवून ठेवले होते, याचे मला दुःख होते.

माझी निवृत्तीची कागदपत्रे पूर्ण होत असताना एका वरिष्ठांनी मला बोलावून अर्धा तास आस्थेने विचारपूस केली. का जातो आहेस, काय केले असते तर थांबला असतास, सगळे विचारले. मी प्रामाणिकपणे उत्तरे दिली. हीच विचारपूस दोन वर्षे आधी झाली असती, रिलीफची तारीख पहिल्यांदा हुकली तेव्हा, तर मी बहुधा थांबलो असतो. मन एकदा निघाले की माणूस नुसता अंगाने जहाजावर असतो.

भरतीविषयीही एक गोष्ट आपल्या भागाच्या अनुभवावरून सांगावीशी वाटते. खानदेशातून सैन्यात जाणे नवे नाही. अनेक गावांत घरटी एक फौजी आहे. समुद्र मात्र आपल्या कल्पनेतच नाही. आपल्या नद्या पश्चिमेला जातात, तापी सुरतेपाशी समुद्राला मिळते, पण आपण तिच्यामागून गेलो नाही. मी निवडला गेलो तेव्हा आईने विचारले होते, “तठे वाट नही, वस्ती नही, तू कोनले इचारीसन घर येशी?” त्या प्रश्नावर तेव्हा सगळे हसले. पुढे अदनच्या आखातात चाचेगिरीविरोधी गस्तीवर असताना मला तो प्रश्न किती नेमका होता ते कळले. मुलांना जहाजाचा पांढरा गणवेश आणि परदेशी बंदरांची चित्रे दाखवून आणता येते. पण ज्याला वियोगाची कल्पना आधी दिलेली नाही, तो पहिल्या लांबलेल्या फेरीनंतर डगमगतो. म्हणून मी आता निवड झालेल्या प्रत्येक मुलाच्या आईवडिलांना घरी बोलावतो आणि सांगतो: लग्ने चुकतील, आखाजी (अक्षय्य तृतीया) चुकेल, कोणाचे आजारपण चुकेल, आठवडेच्या आठवडे फोन लागणार नाही. काही पालक अस्वस्थ होतात. पण हे ऐकून गेलेली मुले पहिल्या दोन वर्षांत मागे फिरलेली मी पाहिली नाहीत. मोजकी मुले आहेत, त्यावरून सिद्धांत मांडता येणार नाही. तरी मी हे करणे सोडणार नाही.

कानबाईची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही खानदेशची देवी घरी बसते. भाऊबंद जिथे असतील तिथून गावी येतात, आणि नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढले जातात. मी दहा वर्षांत दोनदाच त्या दिवशी घरी होतो. आई मात्र दर वर्षी माझ्या नावाची सव्वा मूठ काढत असे, आणि कोणी म्हटले की तो तर नाही, तर म्हणे, “तो शे ना,” म्हणजे आहे ना. मी समुद्रावर असताना गावातल्या मोजणीत होतो, हे मला कळत असे आणि त्याचा फार आधार वाटे.

त्या वडिलांना मी रविवारी एवढेच म्हणालो होतो की मुलगा चांगला आहे, टिकेल. आज सकाळी त्यांना फोन करून वर लिहिलेले बरेचसे सांगितले. रिलीफ म्हणजे काय ते सांगितले, पहिली चार वर्षे अकादमीत बंदिस्त पण सुरक्षित जातील हे सांगितले, आणि खरी परीक्षा त्यानंतर, साधारण पाचव्यापासून दहाव्या वर्षापर्यंत असते हेही सांगितले. त्या वर्षांत तो फोनवर नुसते “ठीक आहे” म्हणू लागला, तर मला कळवा, मी त्याच्याशी बोलेन, असेही म्हणालो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग फोन त्याच्या आईने घेतला. मुलगा जुलैत जाणार आणि कानबाई ऑगस्टात येणार. त्याच्या नावाचे गहू काढायचे की नाही, हे तिला माझ्याकडून ऐकायचे होते. काढायचे, मी म्हणालो. सव्वा मूठ.